आठ जण झोपतात, पण भार किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्याने ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घेऊन सहकुटुंब कॅम्पिंगला जाण्यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला, तेव्हा आमच्याकडे नेमकी तीच तयारी चालली होती. लेकीने तो मोठ्याने वाचून दाखवला. फोटो सुरेख होते. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरांनी हौसेखातर घोड्यांनी ओढायचं घर बांधून घेतलं, ही माहितीही छान. (त्यांच्या दिमतीला कोचवान आणि नोकर होता, तेवढं सांगायचं राहिलं.) पण ट्रेलर कसा निवडावा या भागात 'किती जण झोपू शकतात ते आधी पाहा' असा सल्ला आहे. नेमका तोच प्रश्न आधी विचारून आम्ही फसणार होतो, म्हणून हे पत्र.

माझं काम हिशेबनीसाचं. नवरा गाडी चालवणार, मी यादी करणार, ही आमची जुनी वाटणी. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासरे, चौदा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा मुलगा. भाड्याने देणाऱ्याने आठ जणांचा ट्रेलर दाखवला. आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता २२०० किलो आणि ट्रेलर रिकामा १५५० किलो. 'आरामात ओढेल' म्हणाला. नवरा लगेच सही करायला निघाला. मी म्हटलं, थांब, रिकामा ट्रेलर घेऊन कोण जातं?

घरी येऊन वही उघडली. पाण्याची टाकी १५० लिटरची, म्हणजे भरल्यावर १५० किलो. गॅसचे दोन सिलिंडर मिळून ३५. अंथरुणं, भांडी, घडीच्या खुर्च्या, कपडे, सायकली धरून १६५. एकूण १९००. इथपर्यंत सगळं बसतं. पण ट्रेलर नुसता मागून येत नाही, त्याच्या पुढच्या दांड्याचा भार गाडीच्या पाठीवर बसतो. अशा ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात (युरोपी धाटणीच्या हलक्या कॅरॅव्हॅनला बराच कमी). मी १२ टक्के धरला, २२८ किलो आले. आमच्या गाडीने माणसं आणि सामान धरून किती वजन उचलावं, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय: ५४० किलो. आम्हा पाच जणांची वजनं २८२. दांड्याचा भार मिळवला की ५१०. उरले ३०. आणि भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जी जोडणी लागते, ती एकटीच ४० किलोची! म्हणजे गाडीत एकही पिशवी न ठेवता आम्ही १० किलोंनी जास्त. ओढण्याची क्षमता अजून ३०० किलो शिल्लक होती, तरी गाडीची पाठ आधीच भरली होती.

आठ जण झोपतील असा ट्रेलर आणि आठ जणांना बसवून तो ओढील अशी गाडी, हा मेळ किती घरांत जमेल, याचा विचार जाहिरात लिहिणाऱ्याने केलेला नसतो. आम्ही ते बुकिंग बदललं आणि ११५० किलोचा छोटा ट्रेलर घेतला. पाण्याची टाकी पाव भरायची, बाकीचं पाणी मुक्कामाच्या जागी भरून घ्यायचं. एकूण १४५०. मुलाला जेवणाचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर झोपावं लागणार म्हणून तो दोन दिवस फुगून होता. आता त्याने ती जागा कोणालाही द्यायची नाही असं जाहीर केलंय.

ताब्यात देताना त्या माणसाने आम्हाला पंचवीस मिनिटं दिली. टीव्ही कसा लावायचा आणि सोफ्याचा पलंग कसा करायचा हे दोनदा दाखवलं. ट्रेलरच्या बाहेर डाव्या अंगाला वजनाची पाटी असते, तिच्याकडे त्याने बोटसुद्धा दाखवलं नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधीच आम्ही ट्रेलर आणला, सामान भरलं आणि मोकळ्या मैदानात नेला. दांड्याचा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, फक्त त्याच्यावर थेट टेकवायचा नाही, काट्याचा चुरा होईल. एक मजबूत फळी घ्यायची. तिचं एक टोक विटेवरच्या पाइपवर, दुसरं काट्यावर. दांडा पाइपपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवायचा. काटा दाखवील त्याच्या तिप्पट म्हणजे खरा भार. काट्याने दाखवले ३८. म्हणजे ११४ किलो, आठ टक्क्यांहूनही कमी. आम्ही गोंधळलो. सासरे खुर्चीत बसून बघत होते, ते म्हणाले, "गाडी उलाळ झालीय. मागं काय कोंबलंय ते बघा." उलाळ म्हणजे मागून जड, पुढून हलकी. लहानपणी बैलगाडीत बसलेल्या माणसाला हे कळायला काटा लागत नाही. मागच्या कप्प्यात दोन सायकली, घडीचं टेबल आणि हत्यारांची पेटी होती. सगळं चाकांच्या पुढे आणलं. काटा ५८ वर गेला, १७४ किलो, बरोबर १२ टक्के. पुढून हलका राहिलेला ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डुलायला लागतो आणि मग गाडीलाही घुमवतो. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचा स्वतंत्र ब्रेक (त्याची कळ ड्रायव्हरजवळ असते) हाताने हलकेच दाबायचा. हे वाक्य नवऱ्याकडून मी रोज पाठ म्हणून घेतेय.

रिव्हर्सचा तास मात्र संसारावर बेतणारा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरला की हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरची पाठ जाते, एवढी एक युक्ती कामाला आली. पण "डावीकडे" म्हणजे माझं डावं की त्याचं, यावरून वीस मिनिटं गेली. शेवटी लेकीने नियम केला: ओरडायचं नाही, फक्त हात दाखवायचे, आणि आई आरशात दिसेनाशी झाली की बाबाने गाडी थांबवायची. पहिल्या मुक्कामासाठी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशीच जागा घेतलीय. अडीच तासांचं अंतर, उजेडात पोचायचं, एकाच ठिकाणी दोन रात्री.

ट्रेलरच्या चाकांना अडणी लावल्याशिवाय त्याची गाडीशी असलेली जोडणी सोडायची नाही, हेही मैदानातच कळलं. नवरा सोडायला वाकला आणि मुलगा ओरडला, "बाबा, ठोकळे!" ते काम आता त्याच्याकडे.

संडासाच्या टाकीबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही. लाजण्यासारखं त्यात काय आहे? मुक्कामाला सांडपाण्याची नळी जोडली तरी त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा लागतो. उघडा ठेवला तर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं आत थिजून बसतं. टाकी बरीच भरली की आधी ती सोडायची, मग आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते.

ट्रेलरची उंची ३.१ मीटर. ती मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवलीय, कारण पुलाखाली शिरताना कोणाला आठवणार? पहिल्या ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळायचे, म्हणून पाना सामानाच्या तळाशी न ठेवता माझ्या पायाशी असेल.

विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा लेखासोबत एक चौकट छापा. ट्रेलर भरल्यावर किती, दांड्यावर किती, गाडीच्या स्टिकरवर किती, माणसं किती. आणि भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिराती आपल्याकडे येतात, तेव्हा 'आठ जणांसाठी' या शब्दांशेजारी वजनाचा आकडा त्यांच्याकडून मागून घ्या. मला तो तीनदा फोन केल्यावर मिळाला.

आपली,
एक नियमित वाचक