धरणाच्या चार्टवरची वेळ आधी नीट करा साहेब : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रोडला राहते, नदीपासून चालत पाच मिनिटांवर, आणि वेबसाइट बनवायची कामं करते. आमच्या सोसायटीची पण एक छोटीशी वेबसाइट आहे, ती मीच बघते. पावसाळ्यात तिच्यावर लोक एकाच गोष्टीसाठी येतात, खडकवासल्यातून पाणी किती सोडलंय. म्हणून एका सरकारी वेबसाइटवरचा विसर्गाचा चार्ट मी आमच्या पेजवर एम्बेड केला होता, म्हणजे त्यांचाच चार्ट आमच्या पेजवर दिसेल असा जोडला होता, म्हटलं लोकांना शोधाशोध नको.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे सव्वापाचला तळमजल्यावरचे काका पावसाच्या आवाजाने उठले आणि मोबाइलवर तो चार्ट उघडला. रेघ वर चढत गेलेली, शेवटचा ठिपका २३:३० ला. काकांना वाटलं हे रात्री साडेअकराचं आहे, पाच-सहा तास झाले, आत्तापर्यंत विसर्ग कमी केला असेल, आणि ते परत आडवे झाले. साहेब, तो ठिपका पहाटे पाचचा होता! चार्ट यूटीसी म्हणजे ग्रीनिचची वेळ दाखवत होता, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, आणि अक्षावर तसं एका अक्षरानेही लिहिलेलं नव्हतं. सहा वाजता पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, काकांची स्कूटर गेली, शेजारी ताई शिवणकाम करतात त्यांच्या मशीनची मोटर गेली. आकडा खरा होता, वेळेवर आला होता, आणि तरी माणूस झोपला.

त्या दिवसापासून मी असे चार्ट दिसले की आधी अक्ष बघते. उभ्या अक्षावर नुसतं १५के, २०के. आमच्या काकूंनी विचारलं हे के काय गं, किलो का? तिथे '१५ हजार क्युसेक' लिहायला काय जातं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, एवढं अक्षाच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरात टाकलं तरी माणसाला अंदाज येतो. साठ्याचं पण तेच, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), हे पुण्यात पेपर वाचणाऱ्या कुणालाही पाठ असतं, पण एका चार्टवर २९ दिसतं आणि दुसऱ्यावर ८२५, कारण दुसरा दशलक्ष घनमीटरमध्ये आहे आणि एककाचं नावच नाही, मग ग्रुपवर भांडणं. आणि टक्केवारीचा अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू केला की ९७ चे ९४ झाले तरी धरण आटल्यासारखं दिसतं, लोक टाक्या भरायला लागतात.

तारखेचं तर विचारू नका. १२ जुलै ही तारीख पुण्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही, १९६१ साली पानशेत फुटलं तो दिवस. तीच चार्टवर ०७/१२ अशी अमेरिकन पद्धतीने येते आणि आपण ती सात डिसेंबर वाचतो.

मोबाइलवर अजून एक होतं. जागा कमी पडली की चार्टची लायब्ररी, म्हणजे चार्ट काढायचा तयार कोड, आपणहून मधली लेबलं गाळते, म्हणजे बार चार आणि नावं दोनच. बार आडवे केले तर चारही नावं आरामात मावतात. आणि जिथे मराठी लिहिलंय तिथे वरची जागा इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने सोडलेली, मात्रा कापली जाते, पानशेतचं 'पानशत' होतं. वाचून जीव तुटतो हो.

तुम्ही म्हणाल तू वेबसाइटवाली, तूच नीट करून घे की. नाही करता येत साहेब. एम्बेड केलेला चार्ट आयफ्रेममध्ये, म्हणजे आमच्या पेजमधल्या एका चौकटीत येतो, तो दुसऱ्या डोमेनचा, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटच्या पत्त्यावरचा असला की ब्राउझर मला त्याच्या आतलं काहीही बदलू देत नाही, आणि ते सुरक्षेसाठी योग्यच आहे. म्हणजे ज्याने चार्ट बनवला त्यानेच लेबलं नीट करायची, किंवा भाषा आणि एकक निवडायची सोय एम्बेडच्या लिंकमध्येच द्यायची.

आणि काम फार मोठं नाहीये, हे मी रोज हेच करते म्हणून सांगते. चार्टच्या लायब्ररीत अक्षावरचा प्रत्येक आकडा छापायच्या आधी हवा तसा बदलता येतो. भारतीय वेळ ही एक सेटिंग आहे. ब्राउझरला मराठीचं लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, सांगितलं की देवनागरी अंक, १,२५,००० असा आपला स्वल्पविराम, 'जुलै' असं महिन्याचं नाव, सगळं फुकटात मिळतं.

तेव्हा एक परिपत्रक काढा. सरकारी वेबसाइटवरच्या प्रत्येक चार्टला एकक, भारतीय वेळ आणि मराठी लेबलं असलीच पाहिजेत, आणि टेंडरमध्ये काम तपासायच्या यादीतच हे घाला, म्हणजे बिल पास व्हायच्या आधी कुणीतरी साध्या मोबाइलवर ते उघडून बघेल. पूर आणि धरणांचे चार्ट आधी घ्या, बाकीचे मागाहून झाले तरी चालतील.

जूनच्या आत झालं तर मी तो चार्ट परत आमच्या पेजवर लावीन. सध्या काढून ठेवलाय, पावसात रात्री अलार्म लावून उठते आणि विसर्गाचा आकडा, समोर 'पहाटे ५ वाजता' असं लिहून, हाताने टाकते.

आपली,
सिंहगड रोडची एक रहिवासी, पुणे