नवी इमारत नको, एक जाणकार माणूस द्या

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्थानिक इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. ते चालवणाऱ्या नऊ जणांपैकी मी एक. दोन निवृत्त शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, औषधांच्या दुकानाचे मालक, कॉलेजात शिकणारी तीन मुलं आणि मी. पगार कुणालाच नाही. जागा म्हणजे जुन्या चिरेबंदी घरातल्या तीन खोल्या. दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी चार ते सात दार उघडं असतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक आजी रिक्षातून आल्या. मांडीवर लाल रुमालात बांधलेलं दफ्तर होतं. घर पाडायला काढलं, माळ्यावर हे सापडलं, जाळू नका म्हणून घेऊन आले, असं म्हणाल्या. रुमालाची गाठ सुटायलाच दहा मिनिटं लागली. आत वेखंडाचे तुकडे होते, म्हणजे कुणीतरी कधीतरी हे कागद जिवापाड जपले होते. सगळा मजकूर मोडी लिपीत. आमच्या शिक्षकांनी वरची चार पानं वाचली, तर ते खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, वसुलीचे हिशेब निघाले. कुळाचं नाव, भात किती मण, किती पायली, बाकी किती, वेठीचे दिवस किती.

मंत्रिमहोदय, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. ज्या जाचाविरुद्ध तो लढा होता, तो या दफ्तरात कुळाकुळाच्या नावानिशी लिहिलेला आहे. त्यातल्या कित्येकांचे पणतू आज याच गावात राहतात.

पाचवं पान चौथ्याला चिकटलेलं होतं. मी ते हलकेच सोडवायला गेलो आणि कोपरा माझ्या बोटांत आला. त्या कोपऱ्यावरच्या दोन ओळी आता कुणीच वाचू शकणार नाही. मी तिथेच थांबलो. दफ्तर पुन्हा बांधलं, लोखंडी कपाटात ठेवलं. अजूनही ते तिथेच आहे.

आमच्याकडे पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी नाही. कसर, वाळवी आणि चार महिन्यांची ओल यांच्याशी आम्ही डांबरगोळ्या आणि साध्या पंख्याच्या जोरावर लढतो. एका मुलानं मोठ्या हौसेनं जुनी पितळी समई चिंच-राखेनं लखलखीत केली, तेव्हा तिच्यावर कोरलेलं देणाऱ्याचं नाव निम्मं पुसट झालं. त्याला दोष कसा द्यायचा? घरी आई समई तशीच घासते. हे वेगळं शास्त्र आहे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आम्ही मदत मागायला गेलो तेव्हा एका कार्यालयात सांगण्यात आलं, बांधकामाचा प्रस्ताव द्या, त्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आहे. माणसाच्या मानधनासाठी नाही. आम्हाला बांधकाम नको आहे. तीन खोल्या पुरेशा आहेत.

वाचनालयांच्या बाबतीत महाराष्ट्रानं हा विचार फार पूर्वी केला. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, दरवर्षी अनुदान मिळू लागलं. ते अपुरं आहे, अशी वाचनालयांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तरी त्या आधारावर खेडोपाडीची वाचनालयं टिकली. लोकांनी उभ्या केलेल्या संग्रहालयांना असा वर्गही नाही आणि असा आधारही नाही. आम्ही कोणत्या रकान्यात बसतो, हेच कुणाला ठाऊक नसतं.

खरं तर या राज्याचा इतिहास अशाच माणसांनी गोळा केला. इतिहासाचार्य राजवाडे दफ्तरांसाठी गावोगाव पायपीट करत राहिले. १९२६ साली ते गेल्यावर धुळ्यातल्या मंडळींनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढून तो ठेवा सांभाळला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापारी गृहस्थांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीतून निघणारी सातवाहनकालीन खापरं, मणी, मृण्मूर्ती आयुष्यभर वेचल्या. आज त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय तिथे उभं आहे. शासन तिथे पोचलं, म्हणून तो संग्रह राहिला.

आणि चिपळूण आठवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलात गेली. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तो गोठवून ठेवला तर बुरशी थांबते आणि पुढे सवडीनं वाळवता येतो. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठी शीतगृहं आहेत. पुराच्या दुसऱ्या दिवशी ‘हे गठ्ठे उन्हात टाकू नका, शीतगृहात न्या’ एवढं सांगणारा एक माणूस जिल्ह्यात असता, तर किती पानं वाचली असती!

तोच माणूस आम्ही मागतो आहोत. प्रत्येक जिल्ह्याला एक प्रशिक्षित जतनतज्ज्ञ द्या. त्यानं महिन्यातून एकदा प्रत्येक लोकसंग्रहालयात यावं, आमच्या हातांना शिकवावं, नोंदवही तपासावी, काय उघडायचं आणि काय बंदच ठेवायचं ते सांगावं. त्याच्यासोबत लहान संग्रहालयांची रीतसर वर्गवारी व्हावी आणि वीज, कपाटं, बिनआम्ल कागद यांपुरतं वार्षिक अनुदान जिल्हा वार्षिक योजनेतून मिळावं.

नोंदवहीबद्दल मला विशेष काळजी वाटते. कोणती वस्तू कुणी दिली, कुठल्या घरातली, कशासाठी वापरत, यातलं निम्मं अजून पोस्टातल्या काकांच्या डोक्यात आहे. ते ८१ वर्षांचे आहेत. कॉलेजातली मुलगी दर शनिवारी त्यांच्याशेजारी बसून लिहून घेते. परवा एका लाकडी पायलीपाशी त्यांचा पूर्ण तास गेला, कारण त्यांना त्या घरातली सगळी माणसं आठवायला लागली. तिनं तेही सगळं लिहून घेतलं.

आपण रत्नागिरीच्या दौऱ्यावर याल तेव्हा अर्धा तास आमच्यासाठी काढा, ही मनापासून विनंती. मंगळवार किंवा शनिवार नसला तरी चालेल, किल्ली माझ्याकडे असते. सोबत मोडी आणि जुना कागद जाणणारं कुणी आणलंत, तर ते दफ्तर आपल्यासमोरच उघडू.

आपला नम्र,
संग्रहालयाचा एक स्वयंसेवक