सूचना : निर्यात अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या सभासदांना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, परदेशी प्रदर्शनासाठी सरकारी अनुदान घ्यायचे असेल तर मंजुरीचे पत्र हातात पडेपर्यंत स्टॉलचे पैसे भरू नका, विमानाचे तिकीटही काढू नका. मंजुरीआधीचा खर्च बहुतेक योजनांत धरला जात नाही, मग तो कितीही रास्त असो.

पैसे आगाऊ मिळतील या भ्रमात राहू नका. खर्च आधी आपला. ठरलेला हिस्सा बिले तपासून नंतर मिळतो. तोवर खेळते भांडवल पुरेल ना, ते पाहा. बिल फर्मच्या नावावर आणि पैसेही फर्मच्याच खात्यातून जाऊ द्या. मालकाच्या खासगी कार्डावरून भरलेले भाडे हमखास अडकते. बोर्डिंग पास, स्टॉलचा फोटो, भेटलेल्या खरेदीदारांची यादी त्याच दिवशी फाइलला लावा.

जितका माल पाठवू तितके अनुदान, असे मात्र सहसा नसते. निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत सामान्यतः निषिद्ध आहे. त्यामुळे मदत बहुधा प्रदर्शन, प्रमाणपत्र, भाषांतर असल्या खर्चांना मिळते.

अर्जात 'युरोप' असे मोघम लिहू नये. एक देश, एक माल, नेमके गिऱ्हाईक लिहावे. मसुदा दाखवून घ्यायचा असल्यास कार्यालयात आणावा.

– कार्यवाह