बिऱ्हाड कड्यावर नेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मोठं घर विकून तुम्ही दोघं खडकाळ किनाऱ्यावर लहान घरात राहायला जाणार आणि निवृत्तीची सवड कडे, भूशिरं, खाचरं पायाखाली घालण्यात घालवणार, हे वाचून फार बरं वाटलं. सामान किती न्यावं असं विचारलं आहेस. पण त्याआधी जुनं घर कधी विकायचं ते ठरव. माझं म्हणणं असं की तिथला सर्वांत वाईट ऋतू भाड्याच्या घरात काढून होईपर्यंत विकू नकोस. किनारा पाहायला माणसं चांगल्या दिवसांत जातात, घरंही तेव्हाच पसंत करतात आणि पहिल्या वादळात कळतं की दार वाऱ्याच्या तोंडावर आहे.

करार वर्षाचा कर. वर्ष जमत नसेल तर निदान वादळी महिने तरी त्यात आले पाहिजेत. तेवढ्या काळात वीज गेली की किती तासांनी येते, गावात येणारा रस्ता एकच आहे का, उधाणाला त्यावर पाणी चढतं का, घराच्या आतल्या खोलीत फोन लागतो का, हे टिपून ठेव. दवाखान्याचं अंतर नकाशावर मोजू नकोस, रात्री एकदा गाडी काढून घड्याळ लावून पाहा. वहिनी गाडी चालवत नसतील तर हे वर्ष शिकायला बरं आहे. आणि एक गोष्ट दोघांनी समोरासमोर बसून बोला: एकटं राहायची पाळी आली तर याच घरात राहवेल का? समुद्राकडे उतरणाऱ्या ऐंशी पायऱ्या आज गंमत वाटतील, गुडघे कायम तसेच राहणार नाहीत. निजायची खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर असावं आणि त्यांच्या दारांतून निदान ८० सेंटिमीटर मोकळी जागा मिळावी, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडणार नाही.

अगदी पहिल्या रांगेतलं घर नजाऱ्यासाठी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार पहिल्या काहीशे मीटरांत सर्वांत जास्त बसतात. मध्ये एखादी टेकडी किंवा दाट झाडी असेल तर फरक आणखी पडतो. शिवाय कडा. लोक विचारतात, ‘वर्षाला किती सरकतो?’ कडा असा हप्त्याहप्त्याने सरकत नाही. दहा वर्षं जागचा हलत नाही आणि एका रात्रीत चार-पाच मीटर खाली येतो. लाटा पायथा पोखरत असतातच, पण वरून भेगांत मुरलेलं पावसाचं पाणीही तितकंच घातक असतं, म्हणून बऱ्याच दरडी मोठ्या पावसामागोमाग येतात. कडेला समांतर गेलेल्या भेगा, समुद्राकडे झुकलेले कुंपणाचे खांब, पायथ्याशी ताज्या रंगाचा ढिगारा, यांतलं काहीही दिसलं तर तिथून परत फीर. जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं मिळवून कड्याची रेघ ताडून पाहा. विम्याचे कागदही वाच. पुराची भरपाई मिळते पण जमीन ढासळली तर मिळत नाही, अशी कलमं त्यांत असू शकतात.

घराला विहीर किंवा बोअर असेल तर त्याचं पाणी कोरड्या ऋतूच्या शेवटी, चांगला तासभर उपसा करून मग तपासायला दे. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घायबेन-हेर्झबर्गचा नियम सांगतो की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. याची उलटी बाजू अशी की उपशाने पातळी मीटरभर खाली नेली की कालांतराने खारं पाणी तळातून चाळीस मीटर वर चढू पाहतं. अशी विहीर एकदा खारावली की सुधारायला वर्षं लागतात. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव कळू लागते.

आता मिठाकडे येतो, कारण सामानाचा निकालही तेच लावणार आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की विरघळू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे पत्र्यावर बसलेला खारा थर कोरडा दिसला तरी बहुतेक वेळ ओलाच असतो आणि गंज दिवसरात्र चालू राहतो. म्हणूनच एक उलटा प्रकार दिसतो: भर पावसात उभ्या असलेल्या वस्तूपेक्षा वळचणीला ठेवलेली वस्तू लवकर गंजते, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो आणि वळचणीखाली ते साचत राहतं. तेव्हा बिजागऱ्या, कड्या, सायकल, एसीचं बाहेरचं यंत्र यांवर महिन्यातून एकदा गोडं पाणी साध्या धारेने सोड, वादळ झालं की त्याच दिवशी. एसीवर जोराचा फवारा नको, मागच्या पातळ पात्या मुडपतात. त्या पात्या ॲल्युमिनियमच्या आणि नळ्या तांब्याच्या असतात. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटलं की झीज ठरलेलीच, म्हणून घेताना लेप दिलेल्या पात्या माग.

हाच घोळ खिडक्यांत होतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे स्क्रू बसवले की स्क्रू चकचकीत राहतात आणि भोवतालचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये नायलॉनची वायसर (चकती) आणि स्क्रूभोवतीची बाही (नळी) घालायला सांग. स्टेनलेसमध्येही दुकानदार सर्रास ३०४ क्रमांकाची प्रत देतो. बाहेरच्या कामाला ३१६ हवं, त्यात दोन ते तीन टक्के मोलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते टिकाव धरतं. तरी त्यावरही चहाच्या रंगाचे डाग पडतात. ते वरवरचे असतात, पुसून टाकावेत. गॅल्व्हनाइज्ड म्हणून जे मिळतं त्यातही दोन जाती. गुळगुळीत, चमकदार खिळ्यांवर विजेने चढवलेला जस्ताचा थर ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं सामान करडं, थोडं खरखरीत दिसतं आणि त्यावरचा थर बहुधा ४५ मायक्रॉनच्या पुढे असतो. दिसायला दुसरं ओबडधोबड, पण घ्यायचं तेच.

काँक्रीटचं घर असेल तर पाहायला जाताना लहानशी हातोडी बरोबर ने. स्लॅबच्या खालच्या अंगाला आणि खांबांच्या कोपऱ्यांवर हलके ठोके मार. पोकळ आवाज आला किंवा सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसले तर आतली सळई फुगू लागली आहे. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, म्हणून वरचं काँक्रीट पोपड्यांसारखं सुटतं. ताजा रंग हे सगळं वर्षभर झाकून ठेवतो. विकणाऱ्याने नुकताच रंग दिला असेल तर दोन ठोके जास्तच मार.

सामानाचा हिशेब यानंतर. नव्या घराचा नकाशा १:२० ने काढ, म्हणजे १ मीटरला ५ सेंटिमीटर. पलंग, टेबल, कपाटं त्याच मापात पुठ्ठ्याची कापून मांडून पाहा. चालायला ७५ ते ९० सेंटिमीटरची वाट राहिली पाहिजे. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर दूर हवीत, नाहीतर मागे बुरशी धरते. कपाटाची फक्त उंची मोजून भागत नाही. २१० सेंटिमीटर उंच आणि ६० खोल कपाट आडवं आत नेऊन उभं करताना त्याचा कर्ण २१८ सेंटिमीटर फिरतो, आणि छत २१५ वर असेल तर ते उभं राहणारच नाही. सुटं करून उभ्या-उभ्याच जोडावं लागेल, किंवा इथेच सोडावं लागेल. जुन्या लाकडी वस्तू खाऱ्या हवेत सहसा बऱ्या टिकतात. लोखंडी कपाटं आणि भुश्याच्या फळ्यांचं फर्निचर मात्र नेऊ नकोस. पहिल्याला गंज, दुसऱ्याला ओल. त्या फळ्या कडेने फुगल्या की परत बसत नाहीत.

आवराआवरीला सहा महिने धर. सुरुवात माळ्यापासून कर, फोटोंपासून अजिबात नको. फोटोंचा डबा उघडला की दिवस तिथेच संपतो. मुलांना द्यायच्या वस्तूंची यादी त्यांना तारखेसह पाठव आणि तारीख उलटली की वस्तू बाहेर. ‘नंतर ठरवू’ म्हणून एकच खोकं ठेव, दुसरं नाही. पुस्तकांचं मन घट्ट करून पाहायला हवं. मीटरभर पुस्तकांच्या रांगेचं वजन २० ते ३० किलो भरतं, आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की त्यांवर बुरशी येते. नेशील तेवढी दारं असलेल्या कपाटात ठेव, आर्द्रतामापक टांग आणि ओल शोषणारं यंत्र घे. खोकी लहान भर, १५ किलोच्या वर एकही नको. ती उचलणारे तुम्ही दोघंच. जुने फोटो ६०० डीपीआयवर, कागदपत्रं ३०० वर स्कॅन करून दोन डिस्कवर ठेव, त्यांतली एक दुसऱ्या गावी. मूळ खरेदीखतं, दाखले मात्र फेकू नकोस.

राहिली भटकंती. भरतीचं कोष्टक स्वयंपाकघराच्या दारावर लाव आणि ते तिथल्याच बंदराचं आहे ना, घड्याळाची वेळ तीच आहे ना, हे पाहून घे. दोन भरत्यांत १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांत बाराव्या हिश्शांनी १, २, ३, ३, २, १ असं चढतं. चढउतार ४ मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी मीटरभर. पन्नासात एक अशा उताराच्या पुळणीवर मीटरभर चढलेलं पाणी आडवं पन्नास मीटर आत येतं. तू शिंपले वेचत वाकलेला असशील तेवढ्यात. कोष्टकातले आकडे शांत हवेचे असतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं, म्हणजे दाब नेहमीच्या १०१३ वरून ९८० वर गेला तर ३३ सेंटिमीटर, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा आणखी ढकलतो तो निराळाच.

म्हणून ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी निघा आणि ती पूर्ण होताच परत फिरा. दोन भूशिरांमधल्या लहान पुळणीवर माणसं अडकतात ती पुळणीवर पाणी येतं म्हणून नाही. भूशिराचं टोक आधी बुडतं आणि वाट तिथेच बंद होते. खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उभं राहून लाटा पाहा. मोठ्या लाटा मधूनच दोन-तीन एकदम येतात. पांढऱ्या खरखरीत शंखांचा थर जिथवर, तिथवर पाणी नियमित येतं. त्यावरचा काळा पट्टा ओला असला की साबणासारखा निसरडा. पाठ समुद्राकडे नको, आणि डबा खायला कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही.

चालायला किती वेळ लागेल याच्या अंदाजाला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम: तासाला ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जास्त. तो तरण्या गड्याचा हिशेब. तुम्ही ३ किलोमीटर धरा, आणि धोंड्यांवरून तासाला एक. किनाऱ्याची वाट प्रत्येक ओहोळाला उतरते आणि पुन्हा चढते, त्यामुळे सपाट दिसणाऱ्या दहा किलोमीटरांतही चढ भरपूर साचतो. कड्याखाली फोन लागत नाही. दोघांच्याही गळ्यात शिट्टी हवी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. शेजाऱ्याकडे वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवून जा, आणि आल्यावर त्याला सांगायला विसरू नका.

नकाशा काढलास की जिन्याच्या वळणाची रुंदी आणि छताची उंची मला कळव. वहिनींच्या आईचं शिसवी कपाट सुटं न करता आत जातं का, तेवढं मी आकडेमोड करून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र