साप तोच, मग इलाज ड्युटीप्रमाणे का बदलतो?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत ३१ वर्षं परिचारिका होते. आता निवृत्त आहे. जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहिते.

पाऊस लागला, निंदण सुरू झालं, की आमच्याकडे पान लागलेली, म्हणजे साप चावलेली माणसं यायला लागतात. एका ऑगस्टमध्ये बुधवारी एक बाई आली. पऱ्हाटीत (कपाशीत) निंदताना पायाला चावा, धुऱ्यावर (बांधावर) परड, म्हणजे घोणस दिसलेली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे काचेची कोरी टेस्ट ट्यूब मागितली. धुतलेली नको, प्लास्टिकची तर नकोच. त्यात २ मिली रक्त घेऊन ट्यूब स्टँडमध्ये उभी केली, केसपेपरवर वेळ लिहिली आणि कोणी हात लावायचा नाही म्हणाले. २० मिनिटांनी ट्यूब तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. लगेच सलाईनमधून सर्पविषावरच्या औषधाच्या १० व्हायल (छोट्या बाटल्या) सुरू केल्या, रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनॅलिन भरून ठेवलं, सहा तासांनी पुन्हा ट्यूब लावली. चौथ्या दिवशी बाई आपल्या पायांनी घरी गेली.

त्याच आठवड्यात रविवारी नऊ वर्षांचा मुलगा आला. तशीच सूज, हिरड्यांतून रक्त. ड्युटी दुसऱ्या डॉक्टरांची होती. ट्यूब लावली नाही. "लहान आहे, दोनच द्या," म्हणाले. दोन व्हायल गेल्या, १०८ आली, पोरगा रेफर झाला. समोर लहान मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. म्हणूनच मुलांनाही डोस मोठ्यांइतकाच लागतो. मला ते माहीत होतं. मी एकदा हळू आवाजात बोललेही, पण सिस्टरचं बोलणं किती चालतं हे कुठल्याही वॉर्डात विचारा. त्या पोराचं पुढे काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही. रेफर केलेल्या पेशंटची खबर आमच्याकडे परत येतच नव्हती. त्याच्या आईचा चेहरा मात्र अजून आठवतो.

साहेब, मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेले, पंचविशीतले, आदल्या रात्रीपासून जागे. रिॲक्शन आली तर आपण एकटे काय करणार, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. काही डॉक्टर तर याच्या उलट करायचे. चावा बिनविषारी असो, लक्षण एकही नसो, आलेल्या प्रत्येकाला व्हायल लावायचे. मग जीव जायची वेळ आलेल्याला स्टॉक उरायचा नाही. बदली झाली, नवे साहेब आले, की आम्ही सिस्टर लोक आधी विचारून घ्यायचो, "सर, तुमची पद्धत कशी?" ३१ वर्षं मी हा प्रश्न विचारला आणि आज त्याचीच मला लाज वाटते.

पेशंट किडनीचा असेल, रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावून सूज न येता नुसत्या पापण्या मिटत असतील, तर इलाज बदलणारच. तो बदल पेशंट बघून होतो, त्यालाच आपण डॉक्टरकी म्हणतो. माझं म्हणणं पेशंट न बघता होणाऱ्या बदलाबद्दल आहे.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वेनबर्ग आणि गिटेलसोन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की माणसं सारखीच असूनही एका भागात टॉन्सिल काढण्याचं प्रमाण दुसऱ्या भागाच्या कित्येक पट होतं. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन निघाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. एवढा सगळा फरक बायकांच्या प्रकृतीतला आहे, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

सर्पदंशाचा नियम काय, हा वादच नाही. केंद्र सरकारची उपचार-मार्गदर्शिका २०१६ पासून आहे. तीत ट्यूबची चाचणी आहे, सुरुवातीला किती व्हायल द्यायच्या तेही आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापाने गेल्याचा अंदाज आहे. एवढं असून कागद कपाटात राहतो आणि रात्री दोन वाजता खाटेजवळ ज्याला जे आठवेल ते होतं.

ठरलेल्या पायऱ्यांनी काय होतं ते आपल्या विदर्भानेच दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळ तपासायच्या ठरावीक पायऱ्या शिकवल्या. बाळ कोणत्याही घरातलं असो, तपासणी तीच. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

म्हणून मागणी अशी आहे. सर्पदंशाचा केसपेपर छापीलच द्या. ट्यूब किती वाजता लावली, किती वाजता पाहिली, किती व्हायल दिल्या, असे रकाने त्यात असू द्या. डॉक्टरांना वेगळं काही करावंसं वाटलं तर जरूर करावं, फक्त कारण एका ओळीत लिहावं. काचेच्या ट्यूब इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात कायमच्या घाला. आमच्याकडे त्या संपल्या की महिना महिना येत नसत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक डॉक्टरला त्याचे स्वतःचे आकडे शेजारच्या रुग्णालयांच्या आकड्यांसोबत दाखवा, पण बंद खोलीत आणि शिकण्यासाठी. त्यावरून एक जरी कारणे दाखवा नोटीस निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून केसपेपरवर खोटं लिहिलं जाईल. मी या खात्यात राहिले आहे, मला ठाऊक आहे.

आणि रेफर केलेल्या प्रत्येकाचं काय झालं, ते पाठवणाऱ्या डॉक्टरला आणि सिस्टरला कळवा. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालय तुमच्याकडे, त्यामुळे ही खबर मधेच अडते. दोन मंत्र्यांनी एकदा बसून ठरवलं तर सुटण्यासारखं आहे.

जूनमध्ये पेरण्या लागतील. त्याआधी जिल्ह्यातल्या सिस्टर लोकांना ट्यूब लावायला शिकवायचं ठरवलंत, तर मला बोलवा. एसटीने येईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. यवतमाळ