ताई, आता उंबऱ्याच्या आत या

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात करोना शिरला, तेव्हा महिनाभर रोज सकाळी तुम्ही अंगणातल्या तुळशीपाशी येऊन उभ्या राहायचात. तिथूनच हाक द्यायचात, "बाळाची आई, रात्र कशी गेली?" मी माजघराच्या खिडकीचे गज धरून सांगायचे. त्या महिन्याचे आभार राहूनच गेलेत. समोर बोलायला गेलं की तुम्ही "अहो, कामच आहे माझं" म्हणून पुढच्या घरी निघता. म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, दोन लहान लेकरांचं घर कसं सांभाळलं, ते आपल्या गावाबाहेरही कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. ह्यांना ८ एप्रिलला ताप आला. रिपोर्ट ११ तारखेला हातात पडला. त्या तीन दिवसांत एका ताटात जेवणं, एका खोलीत झोपणं, सगळं नेहमीसारखंच झालं होतं. मधेच मामांना, म्हणजे सासऱ्यांना, कणकण आली. १२ तारखेला मी तापले. घरात उरल्या आमच्या आत्या, माझ्या सासूबाई. वय ६१, साखरेचा आजार, लशीचा एकच डोस झालेला. आणि दोन मुलं: चार वर्षांचा थोरला आणि अंगावर पिणारी पाच महिन्यांची धाकटी.

घरी विलगीकरणाचे नियम मोबाईलवर आले होते. रुग्णाने वेगळ्या, हवेशीर खोलीत राहावं, वेगळं स्वच्छतागृह वापरावं, २४ तास काळजी घेणारी एक व्यक्ती हवी. मी तो कागद चारदा वाचला. काळजी घेणारीच आजारी पडली आणि जिची काळजी घ्यायची ती पाच महिन्यांची असली, तर काय करायचं याची एक ओळ मला त्यात सापडली नाही.

फलटणहून आईचा फोन आला, "पोरांना इकडं पाठव, दादा गाडी घेऊन निघतोय." सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. मी मुलांचे कपडे पिशवीत भरले. धाकटीचं लंगोटाचं बोचकं बांधताना तुमची हाक आली. तुम्ही पिशवीकडे पाहिलंत आणि सरळ म्हणालात, "पोरं कुठं जायची नाहीत."

मला राग आला होता ताई, आज कबूल करते. तुम्ही शांतपणे समजावलंत. मुलांना आज ताप नाही, म्हणजे ती मोकळी आहेत असं नव्हे. चार दिवस आजाऱ्यांच्या मांडीवर खेळलेल्या लेकरात तो आधीच शिरलेला असू शकतो. ती फलटणला गेली, तर त्यांच्याबरोबर आजारही जाईल आणि तिकडे माझे ६८ वर्षांचे, हृदयाचा त्रास असलेले वडील होते. शिवाय आईवेगळं तान्हं बाळ दूध तोडेल, ते वेगळंच. भावाला मी अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं.

मग तुम्ही अंगणात काठीने आमच्या घराचा नकाशा काढलात. ह्यांना आणि मामांना सोप्यात एकत्र ठेवायचं, कारण दोघांनाही तोच आजार. त्यांचं जाणं-येणं ओट्यावरच्या दाराने. मी आणि दोन्ही मुलं माजघरात, तिघं मिळून एक घर. आत्या एकट्या स्वयंपाकघरात, त्यांचं दार परसात. संडास एकच होता, तर त्याच्या वेळा ठरवल्यात. आधी आत्या, मग आम्ही, शेवटी सोपा. प्रत्येकानंतर हायपोक्लोराईटचं जंतुनाशक पाणी टाकायचं आणि दार उघडं ठेवून थांबायचं. ती बाटली देताना तुम्ही दोनदा बजावलंत, "वरच्या फळीवर. औषधंसुद्धा वरच. पोराच्या हातात सॅनिटायझर नको, साबणच बरा." रोगाच्या भीतीत ही भीती कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

मुलांना आत्यांकडे द्यावं असं मला वाटत होतं, कारण घरात बऱ्या त्या एकट्याच होत्या. तुम्ही म्हणालात, "त्या बऱ्या आहेत म्हणूनच मुलं त्यांच्याकडं नकोत." हे उलटं गणित मला पचायला दोन दिवस लागले. मुलं माझ्या श्वासात राहिलेली होतीच. त्यांना माझ्यापासून तोडून आत्यांच्या कुशीत दिलं असतं, तर ६१ वर्षांच्या, साखर असलेल्या बाईला आम्ही स्वतःच्या हाताने धोक्यात टाकलं असतं.

दुधाचं तर शेजारपाजारच्या बायकांनी फोनवर ठरवूनच टाकलं होतं, अंगावरचं बंद करायचं आणि पावडर द्यायची. तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून आलात. मास्क लाव, साबणाने हात धू आणि खुशाल पाज. पाजून झालं की झोळी माझ्यापासून दोन हात लांब, खिडकीच्या बाजूला. पंख्याचा वारा माझ्याकडून मुलांकडे जाऊ द्यायचा नाही. नणंदेने हौसेने धाकटीला शिवून पाठवलेला एवढासा मास्क तुम्ही खिडकीतूनच काढून टाकायला सांगितलात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मास्क नको, बाळाचा तर श्वासच कोंडेल. थोरल्यालाही लावला नाही. मास्क मी लावायचा, तोही मुलं जवळ असताना दिवसरात्र. एप्रिलच्या उकाड्यात माझ्या कानांमागे वळ उठले होते.

१३ तारखेला गुढीपाडवा होता. आत्यांनी एकटीने परसात गुढी उभारली. थोरला खिडकीला नाक लावून बघत होता आणि आज्जी साखरेची गाठी कधी घालणार म्हणून हट्ट करत होता. दुसऱ्या दिवशी, राज्यात रात्री आठला संचारबंदी लागली त्याच रात्री, मी तापात झोपून गेले आणि तो उठून आज्जीकडे गेला. जन्मल्यापासून तिच्या कुशीतच झोपणारं पोर ते. आत्यांनी दार उघडलं आणि घेतला पोटाशी. पहाटे मला जाग आली तेव्हा अंथरूण रिकामं.

सकाळी तुम्हाला सांगताना माझी जीभ जड झाली होती. तुम्ही मला रागावला नाहीत, आत्यांनाही नाही. एवढंच म्हणालात, "आत्यांचे १४ दिवस आता आजपासून मोजू." मग थोरल्याला खिडकीपाशी बोलावलंत, एक खडू दिलात आणि माजघर व स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्याशी त्याच्याकडूनच रेघ मारून घेतलीत. रेघ त्याची, म्हणजे राखणदारही तोच. आणि एक नियम शिकवलात, जो चार वर्षांच्या पोराला पहिल्या फटक्यात कळला: आज्जीकडून वस्तू इकडे येईल, इकडून तिकडे काहीच जाणार नाही.

त्या एका नियमावर आम्ही तगलो, ताई. आत्यांनी आपली वाकळ धुऊन, उन्हात कडक वाळवून रेघेवर ठेवली आणि त्या लांब गेल्यावर त्याने ती ओढून घेतली. तिला आज्जीचा वास होता, तो तिच्यात गुंडाळून झोपायला लागला. शिळी झालेली गाठीही तशीच आली. जेवणाचं ताट रेघेवर यायचं, आत्या दाराची कडी वाजवून मागे सरायच्या. खरकटी भांडी मी आतच घासायचे. थोरला कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि मी काही पलीकडे सरकवतेय का बघायचा. तिन्हीसांजेला आत्या परसात, उघड्यावर, मास्क लावून बसायच्या आणि तो खिडकीतून "शुभं करोति" म्हणायचा. तेवढ्याला तुमची परवानगी होती. पोराला आज्जी दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात.

१७ एप्रिलला थोरल्याचं अंग तापलं. करोनाची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. माझे पाय गळाले. तुमची ऑक्सिमीटरची चिमटी त्याच्या बारक्या बोटावर नीट बसेना, आकडा वरखाली व्हायला लागला. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि मला श्वास मोजायला शिकवलंत. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, अंगातलं वर करून, छाती-पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त झाले, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त झाले, तर थांबायचं नाही, दवाखाना. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडला, पिणं सोडलं, सगळं उलटून पडलं, झटका आला, किंवा उठवूनही ते सुस्त राहिलं, तरी तेच. तापाच्या औषधाचा डोस वजनावर असतो म्हणून तुम्ही अंगणवाडीतला काटा आणून दोघांची वजनं करायला लावलीत आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप बाटलीवर पेनने लिहिलंत.

त्या रात्री मी दर दोन तासांनी मोजलं. २८, ३०, २७, ३१. वहीचं ते पान माझ्याकडे आहे. निमोनियाची लेकरं ओळखायला तुम्ही वर्षानुवर्षं हेच मोजत आला आहात, हे मला नंतर कळलं. मशीन हरलं तिथे तुमची ही जुनी विद्या उभी राहिली. दोन दिवसांत त्याचा ताप उतरला. धाकटीला शेवटपर्यंत काही झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी मामांना तुम्ही ओट्यावर सहा मिनिटं चालायला लावलंत आणि ९५ वरचा ऑक्सिजन ९१ वर आला. तुम्हीच १०८ ला फोन केलात. नऊ दिवसांनी ते घरी आले. याबद्दल ते स्वतः तुमच्याशी बोललेच आहेत.

दिवस मोजायची तुमची पद्धत मी पुढे कितीतरी जणींना सांगितली. घराचे दिवस एकत्र मोजायचे नाहीत, माणसागणिक मोजायचे. लक्षणं दिसल्यापासून दहा दिवस, त्यातले शेवटचे तीन बिनतापाचे, वर आणखी सात दिवस घरातच. ह्यांचे दहा १८ तारखेला भरले आणि ते मास्क लावून माजघरात आले. त्या दिवशी मला महिन्यातली पहिली सलग झोप मिळाली. माझे २२ ला, थोरल्याचे २७ ला. आणि धाकटीचे १४ दिवस थोरल्याच्या पुढे, ११ मेपर्यंत. शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही आलात. वाटेवर कोणीतरी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, त्या तुम्ही रोज बाजूला सारून यायचात. दुधाची पिशवीही तुमच्याच हातून यायची.

मे संपता संपता राज्यातल्या १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद करायचं ठरलं, त्यात आपला सातारा होता. त्यामागचं कारण मला कळतं, फार घरांत रेघा पाळल्या जात नव्हत्या. तरी माझ्या दोन लेकरांचं केंद्रात कसं झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. आमची रेघ पाळली गेली, कारण ती मारायला तुम्ही रोज येत होतात. जानेवारी २०२२ मध्ये घरी विलगीकरणाचे दहाचे सात दिवस झाले. तेव्हा पुण्यात जाऊबाई आणि दीर दोघे आडवे झाले, घरात तीन वर्षांची पोर. मी फोनवर अक्षर न अक्षर तुमचं सांगितलं, श्वासाच्या आकड्यांसकट.

आणखी एक बोलायचं आहे. २०२१ च्याच जूनमध्ये तुम्ही सगळ्या आशा मानधनासाठी संपावर गेलात. तेव्हा गावात काहीजण बोलले, मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. महिनाभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून, आपल्या घरी परतताना स्वतःच्या मुलांना दूर ठेवणाऱ्या बाईने हातात काय पडतं हे विचारलं, तर त्यात चूक काही नव्हती. तुमचीही मुलगी तेव्हा सातवीत होती. तुम्ही रोज परसात आंघोळ करून, कपडे भिजवून मग घरात जायचात, हे तिनेच मला नंतर सांगितलं. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. ती बातमी दाखवायला मी धावत आले, तर तुम्ही लसीकरणाच्या याद्या करत बसला होतात.

थोरला आता चौथीत आहे. वाकळ अजून त्याचीच. माजघराच्या उंबऱ्याशी फरशीच्या सांध्यात खडूचा पांढरा अंश राहिलाय, आत्या तो पुसू देत नाहीत.

ताई, त्या महिन्यात तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत, ते बरोबरच होतं. पण नंतरही तुम्ही अंगणातूनच बोलून जाता. येत्या रविवारी लेकीला घेऊन जेवायला या. आत्यांनी पुरणपोळीचा बेत धरलाय आणि थोरला म्हणतोय, ताईंना ताट मीच वाढणार.

तुमची,
बाळाची आई