गोल जहाजांविषयी चि. मुक्तास

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

एकोणिसाव्या शतकातील रशियन गोल युद्धनौकेचे चित्र व्याख्यानात दाखवले तेव्हा सारा वर्ग हसला, असे तू कळवलेस. त्या नौकेला हसू नये असे मला मनापासून वाटते, आणि तू आता टाकीतल्या पाण्यात प्रतिकृती ओढून तिला होणारा रोध मोजायला शिकते आहेस, म्हणून तिची हकिकत तुला नीट ठाऊक असावी यासाठी हे पत्र.

क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने रशियाला काळ्या समुद्रात युद्धनौका ठेवण्यास मनाई झाली होती. १८७१ मध्ये ते बंधन उठले, तेव्हा नीपर नदीच्या मुखाचे आणि केर्चच्या सामुद्रधुनीचे रक्षण कसे करावे हा प्रश्न उभा राहिला. पाणी उथळ, आणि तोफा व चिलखत मात्र अतिशय जड. अॅडमिरल पोपोव्ह यांनी याचे उत्तर भूमितीत शोधले. दिलेल्या क्षेत्रफळासाठी सर्वांत कमी परिमिती वर्तुळाची असते. त्यामुळे गोल जहाजाला तेवढ्याच चिलखतात अधिक जाड कवच मिळते, आणि रुंद तळामुळे ते जड असूनही पाण्यात फार खोल जात नाही. १८७३ मध्ये निकोलायेव येथे पाण्यात उतरलेल्या ‘नोव्हगोरोद’चा व्यास १०१ फूट होता, तिच्यावर ११ इंची दोन तोफा होत्या आणि तिला पुढे ढकलणारे सहा पंखे (प्रोपेलर) होते. मी आयुष्यभर गणित शिकवले, आणि हा विचार मला आजही देखणा वाटतो.

तोफ डागली की हे जहाज भोवऱ्यासारखे फिरे, ही तुम्हाला सांगितलेली गोष्ट मात्र खरी नाही. तोफांच्या फिरत्या बैठका अडकवणारी कुलपे सुरुवातीला कमकुवत होती, त्यामुळे धक्क्याने बैठका फिरत. कुलपे बळकट केल्यावर ती अडचण संपली. खरा दोष वेगळा होता. रुंद, बोथट अंग पाणी लोटत पुढे जाई, त्यामुळे वेग सहा-सात नॉटांच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपासच राही. मागच्या रुंदीआड सुकाणूला पुरेसा प्रवाह मिळत नसे. आणि समुद्र खवळला की पाणी बुटक्या डेकवर चढे. बंदराच्या रक्षणासाठी हे कदाचित चालून गेले असते.

पोपोव्ह यांनी पुढे हाच विचार झारच्या ‘लिवादिया’ या राजनौकेत नेला. तिची लांबी २३५ फूट आणि रुंदी १५३ फूट होती. एखाद्या चपट्या माशासारख्या त्या पायावर महाल उभारलेला होता. तुझ्या कामाशी सर्वांत जवळचा भाग इथे येतो. इंग्रज अभियंते विल्यम फ्राउड यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे प्रतिकृती ओढण्याची टाकी १८७२ मध्ये सुरू केली होती, आणि लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचा रोध कसा काढावा हे तोवर कळू लागले होते. ‘लिवादिया’साठी डच अभियंते टिडमन यांनी तशाच चाचण्या घेतल्या. त्यांचे गणित चुकले नाही: स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठी बांधलेली ही नौका १८८० मधील चाचणीत १५ नॉटांहून अधिक वेगाने धावली. इतक्या रुंद जहाजाकडून अशी अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती बिस्केच्या उपसागरात वादळात सापडली. फारशी डोलली नाही, पण लाटेवर उचललेला सपाट तळ पुन्हा पाण्यावर आदळे, आणि त्या आघातांनी पुढच्या भागाचे पत्रे फाटून आत पाणी शिरले. तिला स्पेनमधील फेरोल बंदराचा आसरा घ्यावा लागला. शांत पाण्यातल्या ओढीने रोधाचा प्रश्न सोडवला होता; आदळण्याचा प्रश्न त्या ओढीला कोणी विचारलाच नव्हता.

त्या नौकेवर ब्रिटिश जहाजरचनाकार सर एडवर्ड रीड प्रवासी होते. पोलादनिर्मितीमुळे प्रसिद्ध असलेल्या हेन्री बेसेमर यांच्या जहाजाचे आराखडेही रीड यांचेच. बेसेमर यांना बोट फार लागत असे. म्हणून जहाज कितीही डोलले तरी स्थिर राहील असे दालन त्यांनी जहाजाच्या पोटात टांगायचे ठरवले. आपल्या बागेत दालनाची प्रतिकृती उभारून ती वाफेच्या यंत्राने डोलवली, तेव्हा ते जमले. एक माणूस पातळी दाखवणाऱ्या नळीतल्या बुडबुड्याकडे पाहून हायड्रॉलिक झडपा फिरवी आणि दालन सरळ ठेवी. परंतु यंत्राचे डोलणे ठराविक असते, समुद्राचे नसते; बुडबुडा सरकल्यावर हात हलवणारा माणूस लाटेच्या नेहमी मागे राहणार. मे १८७५ मध्ये त्या जहाजाची फ्रान्समधील कॅले बंदरातल्या धक्क्याला टक्कर झाली, तेव्हा दालन जागेवर पक्के जखडलेलेच होते.

म्हणून टाकीवरचा तुझा तक्ता पाहताना रोधाच्या आकड्यांशेजारी मला एक रकाना हवा आहे: ही चाचणी कोणत्या स्थितीत झाली आणि कोणती स्थिती वगळली. तुमच्या टाकीत लाटा निर्माण करण्याची सोय आहे का, असल्यास तिरप्या लाटाही काढता येतात का, आणि तळावरचा दाब कशाने मोजतात, हे पुढच्या पत्रात सविस्तर लिही. आकृती काढून पाठवलीस तर अधिक चांगले.

तुझी,
आई